कोळशावरचा सेस बसपर्यंत का पोचला नाही : पार्श्वभूमी

कार्बन टॅक्समधून, म्हणजे कोळसा-तेल जाळून होणाऱ्या प्रदूषणावरच्या करातून, बस-रेल्वे वाढवायची ही कल्पना आपल्याकडे नवीन वाटते, पण फिनलंडने 1990 मध्येच असा टॅक्स लावला, स्वीडनने 1991 मध्ये, आणि कॅलिफोर्नियाने 2014 ला कायदाच केला की कार्बन परवान्यांच्या (कंपन्यांना धूर सोडायला लागणाऱ्या परवान्यांच्या) लिलावातले 10 टक्के रेल्वे-बस प्रकल्पांना आणि 5 टक्के बससेवा चालवायला द्यायचे.

आपल्याकडे कार्बन टॅक्स या नावाने काही आलं नाही, पण कोळशावर सेस, म्हणजे ठरावीक कामासाठीचा जादा कर, आला. 1 जुलै 2010 पासून टनाला 50 रुपये, मग 2014 ला 100, 2015 ला 200, 2016 ला थेट 400. भुसावळजवळच्या दीपनगर वीज केंद्रात जळणारा कोळसाही यात आलाच. एका युनिटला साधारण पाऊण किलोच्या आतबाहेर कोळसा लागतो, म्हणजे 400 च्या दराने युनिटमागे पाव रुपयाच्या वर, आणि तो शेवटी बिलातूनच जातो. राख भुसावळकरांच्या अंगणात, पैसा दिल्लीत.

तो पैसा एका वेगळ्या फंडात जाऊन स्वच्छ ऊर्जेवर खर्च व्हायचा होता. खरं सांगायचं तर बसचं नाव त्यात सुरुवातीपासूनच नव्हतं, पण नदी सफाईला त्यातून पैसे देता आले तर नंदुरबारच्या डोंगराळ धडगाव-अक्कलकुव्याच्या एसटीला का नाही, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता. 2017-18 पर्यंत जमा झाले 86,440 कोटी, फंडात वळते झाले साधारण 29,600 कोटी आणि खर्च झाले फक्त 15,900 कोटींच्या आसपास.

खरा घोळ 2017 चा. जीएसटी आला, जुना सेस रद्द झाला आणि तेच 400 रुपये, जीएसटीमुळे राज्यांचं जे उत्पन्न बुडेल त्याच्या नुकसानभरपाईचा सेस म्हणून चालू राहिले. राज्यांना भरपाई हवीच होती, या बदलाचे समर्थक म्हणतात ते अगदी खोटं नाही. पण ज्या पैशावर पर्यावरणाचा हक्क सांगता येत होता तो हक्कच त्या दिवशी गेला, आणि माझ्या मते यावर जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झालीच नाही. भरपाईची पाच वर्षं जून 2022 ला संपली तरी सेस थांबला नाही, कोरोनात काढलेलं कर्ज फेडायला मार्च 2026 पर्यंत वाढवला. इकडे एसटी तिकिटातून 17.5 टक्के प्रवासी कर भरत होती, 2021-22 च्या संपात गाड्या महिनोन्‌महिने उभ्या होत्या आणि पाड्यावरचा माणूस जादा पैसे देऊन काळीपिवळीत कोंबून जात होता.

22 सप्टेंबर 2025 ला कोळशावरचा सेस गेला, जीएसटी 5 वरून 18 टक्के झाला. त्यातला निम्मा वाटा राज्याचा, त्यामुळे बससाठी पैसे मागायचे तर आता ते मुंबईत, राज्याच्या बजेटमध्येच मागावे लागतील.