रिकाम्या टाकीतलं एक मिलिलिटर पेट्रोल

जुन्या गाडीची टाकी ठिबकायला लागली की बहुतेकांचा बेत ठरलेला असतो. टाकी सोडवायची, पेट्रोल ओतून काढायचं, झाकण उघडं टाकून दोन दिवस उन्हात ठेवायची आणि भोकावर वेल्डिंगचा टाका मारून घ्यायचा. यात जीव जाऊ शकतो. वेल्डिंगच्या ठिणगीपुढे भरलेल्या टाकीपेक्षा नुकतीच रिकामी केलेली टाकी जास्त घातक असते.

पेट्रोल पेटतं म्हणजे त्याची वाफ पेटते, आणि तीही हवेत साधारण 1.4 ते 7.6 टक्के मिसळलेली असेल तरच. त्याहून कमी असली तर ज्योत पसरत नाही, जास्त असली तर तिला ऑक्सिजन पुरत नाही. भरलेल्या टाकीत वरच्या थोड्या मोकळ्या जागेत वाफ सहसा फारच दाट असते. टाकी रिकामी केली की बाहेरची हवा आत शिरते आणि मिश्रण विरळ होत नेमकं त्या टप्प्यात येतं. आता हिशोब करून पाहा. 15 लिटरच्या टाकीत 1.4 टक्के म्हणजे 210 मिलिलिटर वाफ. ती तयार व्हायला द्रव पेट्रोल लागतं सुमारे एक मिलिलिटर! असं मिश्रण बंद जागेत पेटलं तर दाब वातावरणाच्या सात-आठ पटींपर्यंत चढू शकतो. पातळ पत्रा तेवढा दाब सोसत नाही, त्याआधीच फाटतो.

एवढंसं पेट्रोल जुन्या टाकीत लपायला जागा भरपूर. पत्र्याच्या दुमडलेल्या जोडात, आतल्या आडपडद्यांमागे, गंजाच्या खपल्यांखाली, वर्षानुवर्षं साचून राळेसारख्या झालेल्या थरात. वाफ हवेच्या तिप्पट-चौपट जड असल्यामुळे ती उघड्या झाकणातून आपोआप वर निघून जात नाही, तळाशी बसून राहते. नाकावर तर अजिबात विसंबू नये. एकाच वासाला ते लवकर सरावतं. शिवाय तो चिकट थर थंड असताना फारसा वास देत नाही आणि पत्रा तापला की वाफ सोडू लागतो. डिझेलच्या टाकीबद्दलची बेफिकिरीही यामुळेच महागात पडते. नेहमीच्या तापमानाला डिझेल सहज पेट घेत नाही हे खरं, पण वेल्डिंगखालचा पत्रा नेहमीच्या तापमानाला नसतो.

म्हणून आधी स्वच्छता. उघड्यावर, ज्योत आणि विजेच्या उपकरणांपासून दूर टाकी रिती करायची, कॉक (पेट्रोलची तोटी) आणि फ्लोट (पातळी दाखवणारा तरंगता भाग) काढायचे, मग गरम पाणी आणि धुण्याचा सोडा किंवा डिटर्जंट घालून पुन्हा पुन्हा खळबळवायची. जाणकार कारागीर पुढे वाफाऱ्यानेही टाकी साफ करतात आणि ज्वलनशील वायू मोजणाऱ्या यंत्राने आतली हवा तपासतात. वेल्डिंग करायचंच असेल तर टाकी पाण्याने भरून फक्त कामाच्या जागेपुरती पोकळी ठेवतात आणि हवा बाहेर पडायला वाट मोकळी सोडतात, किंवा आत नायट्रोजन वा आर्गॉन खेळवून ऑक्सिजन हुसकावतात. कार्बन डायऑक्साइडही चालतो, पण अग्निशामक नळकांड्यातून तो जोरात सोडू नये. अशा झोतात गोठलेले कण तयार होतात आणि त्यांवर स्थिर वीज साचते. 1954 साली पश्चिम जर्मनीतल्या बिटबुर्ग इथे विमान-इंधनाच्या टाकीत असा वायू सोडला असताना भीषण स्फोट झाला होता. गाडीच्या सायलेन्सरचा धूर टाकीत सोडायचा जुना तोडगा तर सोडूनच द्यावा. त्यात ऑक्सिजन उरलेला असू शकतो, न जळलेलं इंधन असतं आणि विषारी कार्बन मोनॉक्साइडही.

गंज काढतानाचा एक धोका फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. तीव्र आम्ल लोखंडाला भिडलं की हायड्रोजन सुटतो, विजेच्या प्रवाहाने गंज काढतानाही सुटतो. हवेत 4 ते 75 टक्के असा प्रचंड मोठा त्याचा पेटण्याचा टप्पा आहे. म्हणजे पेट्रोल घालवून आपण त्याहून चटकन पेटणारा वायू टाकीत आणून बसवतो. काम मोकळ्या हवेत करावं आणि जवळ ठिणगी उडू देऊ नये. विजेच्या पद्धतीत धन टोकाला जोडायला स्टेनलेस स्टीलचा तुकडा वापरू नये, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. सायट्रिक आम्लाचं पातळ द्रावण वेळ घेतं, पण घरच्या कामाला तेच बरं.

माझं स्पष्ट मत असं की घरी दुरुस्ती करायची तर ती थंडच, म्हणजे आच न लावता केलेली असावी. टाचणीएवढ्या भोकाला इंधनात टिकणारी इपॉक्सी पुट्टी आणि आतून टाकीसाठीचं सीलर, म्हणजे गळती बुजवणारा लेप, पुरतं. मात्र पत्रा कोरडा आणि चकचकीत नसेल तर लेप धरत नाही. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल वापरत असाल तर ते सोसणारंच सीलर घ्यावं, काही जुने लेप इथेनॉलमध्ये सुटतात आणि कार्बोरेटर तुंबवतात. पत्रा जागोजागी चाळणीसारखा झाला असेल किंवा प्लास्टिकची टाकी तडकली असेल, तर नवीच बसवावी.

शेवटची गळती-चाचणी करताना कॉम्प्रेसरची नळी थेट लावू नका. एक चौरस फुटाच्या पत्र्यावर 0.2 बार (वातावरणाच्या दाबाचा साधारण पाचवा हिस्सा) इतका किरकोळ दाबही जवळपास 190 किलो वजनाएवढा रेटा देतो आणि टाकी फुगते. सायकलच्या पंपाने अलगद थोडीशी हवा भरा, जोडांवर साबणाचं पाणी लावा आणि बुडबुडे कुठे येतात ते पाहा.