परतीचा हक्क आणि बोस्नियातली घरं

युद्ध संपलं की माणसांनी आपापल्या घरी परतावं, असं आज सगळेच म्हणतात. शंभर वर्षांपूर्वी शांतता करार नेमकं उलट सांगत. १९२३ साली लोझान इथे ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी लोकसंख्येची सक्तीची अदलाबदल ठरवली आणि सरकारच्या परवानगीशिवाय परतायला मनाई केली. कोण कुठे राहणार, हे धर्म पाहून ठरलं. १९४८ मध्ये मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याने परतीचा हक्क मानला, पण तो स्वतःच्या देशात परतण्याचा. पॅलेस्टिनी निर्वासितांबद्दलच्या संयुक्त राष्ट्रांच्या त्याच वर्षीच्या १९४ क्रमांकाच्या ठरावात 'घरी परतणं' आलं. ते आजही अमलात आलेलं नाही.

म्हणून १९९५ मध्ये बोस्नियातलं युद्ध संपवणाऱ्या डेटन कराराचं महत्त्व मोठं. १९९२ ते १९९५ च्या युद्धात बोस्नियातले सुमारे २२ लाख लोक, जवळपास निम्मा देश, घराबाहेर फेकला गेला होता. कराराच्या सातव्या परिशिष्टाने त्यांना मूळ घरी परतण्याचा आणि मालमत्ता परत मिळवण्याचा हक्क दिला. प्रत्यक्षात त्या घरांत दुसरं कुणीतरी राहत होतं, आणि बरेचदा तेही दुसऱ्या गावातून हाकललेलं कुटुंब होतं. कायदेही आडवे आले. करारानंतर देशाचे जे दोन भाग राहिले त्यांतल्या फेडरेशन भागात सामाजिक मालकीच्या, म्हणजे खासगी नसलेल्या फ्लॅटमधल्या रहिवाशांना युद्धस्थिती उठल्यावर परतायला ७ दिवस दिले गेले, परदेशात असलेल्यांना १५. जीव वाचवून पळालेल्या माणसाला ही मुदत देणं म्हणजे फ्लॅट काढून घेणंच होतं. असे कायदे आंतरराष्ट्रीय दबावाखाली १९९८ मध्ये रद्द झाले आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे २ लाख दावे निकाली निघाले. युद्धानंतर मालमत्ता परत मिळवून देण्याचं एवढं काम क्वचितच कुठे झालं असेल.

२००४ पर्यंत परतलेल्यांची संख्या १० लाखांवर गेली. पण ताबा मिळताच घर विकणारे किंवा बदलून घेणारेही खूप होते, आणि त्यांना दोष देता येत नाही. गावात काम नव्हतं. देशाच्या दोन भागांत पेन्शन आणि आरोग्य विम्याच्या व्यवस्था वेगळ्या होत्या. मुलांना शाळेत दुसऱ्या वांशिक गटाने लिहिलेला इतिहास शिकावा लागे. काही ठिकाणी ज्यांनी हाकललं तेच पोलिसाच्या गणवेशात समोर येत. खेड्यांत परतले ते मुख्यतः म्हातारे.

पुढे २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीत मालमत्ता परतफेडीची पिन्हेरो तत्त्वं ठरली. त्यांत स्पष्ट म्हटलं आहे की मालमत्ता परत मिळण्याचा हक्क स्वतंत्र आहे. माणूस परतो वा न परतो, तो हक्क कायम राहतो.