मेसोपोटेमियाचे अल्बम: मराठा पलटणींच्या छायाचित्रांमागचा इतिहास

पहिल्या महायुद्धातले सैनिकांचे खासगी अल्बम इतक्या संख्येने आज लिलावात दिसतात, त्याला मुख्यतः एक कॅमेरा कारणीभूत आहे. कोडॅकने १९१२ मध्ये ‘व्हेस्ट पॉकेट’ हा घडीचा कॅमेरा काढला. तो गणवेशाच्या खिशात मावायचा. १२७ नंबरच्या रोलवर आठ फोटो निघत, प्रत्येक साधारण ४ × ६.५ सेंटिमीटरचा. बहुतेक प्रती निगेटिव्हच्याच मापाच्या छापल्या जात, म्हणून अल्बममधले फोटो एवढे लहान असतात.

१९१५ च्या ‘ऑटोग्राफिक’ मॉडेलला मागे एक छोटी खिडकी होती. ती उघडून फिल्मच्या पाठकागदावर टोकदार सळईने जागा किंवा तारीख लिहायची आणि काही क्षण उजेड द्यायचा. मग ती अक्षरं निगेटिव्हच्या कडेला उमटत. प्रतीच्या कडेची अशी ओळ कापलेली नसेल तर तिला जपावं. अल्बममधल्या ओळी पुष्कळदा नंतर, आठवणीने लिहिलेल्या असतात. ही मात्र बहुधा जागेवरच लिहिलेली.

ब्रिटिश सेनेने १९१५ मध्ये पश्चिम आघाडीवर खासगी कॅमेऱ्यांवर बंदी कडक केली. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, ती तितकी काटेकोर पाळली गेली नाही, आणि मराठी वाचकाचा संबंध इथेच येतो. तिथे लढलेल्या सहाव्या (पुणे) डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. कॅमेरा असायचा तो बहुधा गोऱ्या अधिकाऱ्याकडे. त्यामुळे आपले शिपाई या अल्बमांत दिसतात ते दुसऱ्याच्या नजरेतून आणि बहुतेक वेळा नावाशिवाय.

तुर्कांनी या डिव्हिजनला टायग्रिसकाठच्या कूत गावात वेढलं, आणि २९ एप्रिल १९१६ ला कूत पडलं. शरण जाण्यापूर्वी आतल्या फौजेने तोफा आणि दारूगोळा नष्ट केला, उरलेले लोक कैदेत गेले. वेढ्याच्या आतले फोटो म्हणून कोणी अल्बम विकत असेल तर पुरावा मागावाच. बाजारात येणारे बरेचसे अल्बम सुटकेसाठी गेलेल्या फौजेचे किंवा मार्च १९१७ मध्ये बगदाद घेतल्यानंतरचे असतात.

अल्बम ज्याचा, सगळे फोटो त्याचेच असं धरू नये. बाजारात विकत घेतलेली पोस्टकार्डं (साधारण ९ × १४ सेंटिमीटर) आणि सोबत्यांकडून मिळालेल्या प्रती त्यात सर्रास असतात. बगदादजवळच्या टेसिफोनची प्राचीन कमान जवळजवळ प्रत्येक अल्बममध्ये सापडते आणि तिला फारशी किंमत नसते. खरी किंमत छावणी, बोटी, इस्पितळ, पलटणीचे गट यांना, आणि त्याहून जास्त त्यांच्या क्रमाला. शिपायांच्या गटफोटोत खांद्यावरचा पितळी आकडा भिंगाखाली वाचता आला तर पलटण कळते. नाही आला, तर मागच्या-पुढच्या पानांवरची ठिकाणं आणि महिने एवढाच आधार राहतो. विक्रेते अल्बम फोडून सुटे फोटो विकतात, कारण तसे पैसे जास्त मिळतात. त्यात हा आधार कायमचा जातो. सैनिकी वस्तूंच्या व्यापारातला हा सगळ्यात मोठा अपराध आहे.

नकली प्रत ओळखायला अल्ट्राव्हायोलेट दिवा उपयोगी पडतो. कागद पांढरा दिसावा म्हणून घालायची रसायनं फोटोपेपरमध्ये १९५० च्या सुमारास आली. ती असलेला कागद दिव्याखाली निळसर चमकतो. चमकला तर प्रत नंतरची. न चमकला म्हणजे जुनीच, असं मात्र नाही. गडद भागांवर कडेने तिरप्या उजेडात चांदीसारखी झाक दिसणं हे वयाचं चांगलं लक्षण. बॉलपेनने लिहिलेली ओळ १९४५ नंतरची, पण तेवढ्यावरून फोटो खोटा ठरत नाही. घरातल्यांनी ती नंतर लिहिलेली असू शकते.

आपल्याकडच्या पावसाळ्यात फोटोवरचा जिलेटिनचा थर दमटपणाने मऊ होतो आणि समोरच्या पानाला चिकटतो. पानांमध्ये आम्लरहित टिश्यू घालावा, अल्बम आडवा ठेवावा, पीव्हीसीची पाकिटं आणि चिकट पानांचे अल्बम टाळावेत. चिकटवलेला फोटो ओढून काढू नये. मागचा मजकूर हवाच असेल तर ते काम संवर्धकाकडे द्यावं. सुटलेला फोटो पॉलिएस्टरच्या पाकिटात घालून त्याच पानाशी ठेवावा. हे काहीही करण्याआधी प्रत्येक पान, कोरी पानंसुद्धा, कडेपर्यंत पूर्ण स्कॅन करावं. निघून गेलेल्या फोटोखालची ओळ बहुधा त्या कोऱ्या पानांवरच उरलेली असते.