किंमत उभ्या अक्षावर का?

बारावीतल्या भाचीने परवा अर्थशास्त्राचं पुस्तक माझ्यापुढे सरकवलं. "मामा, गणिताच्या बाई सांगतात, कारण आडव्या अक्षावर घ्यायचं, परिणाम उभ्यावर. इथे लिहिलंय, किंमत बदलली की मागणी बदलते. मग किंमत उभ्या अक्षावर कशी?"

शंका अगदी रास्त आहे.

मागणी-पुरवठ्याची आकृती अ‍ॅडम स्मिथची, असं अनेकांना वाटतं. त्याच्या १७७६च्या ग्रंथात ती नाही. मागणीची रेषा १८३८मध्ये कूर्नो या फ्रेंच गणितज्ञाने काढली, आणि किंमत आडव्या अक्षावरच घेतली. त्याच्या पुस्तकाकडे कित्येक वर्षं कोणी फिरकलं नाही. १८७०मध्ये एडिंबरोच्या फ्लेमिंग जेंकिनने मागणी आणि पुरवठा अशा दोन्ही रेषा एकत्र मांडल्या. हा इंजिनिअर, समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलींवर काम केलेला.

आकृती रुजवली ती केंब्रिजच्या आल्फ्रेड मार्शल या अर्थतज्ज्ञाने, १८९०च्या ग्रंथातून. त्याची विचाराची दिशाच वेगळी होती. तो आधी नग धरतो. समजा, बाजारात कापडाची ७०० ठाणं येतात. एवढा माल खपायचा तर गिऱ्हाईक ठाणाला ४० शिलिंग द्यायला तयार आहे. विणकराला ३० मिळाले तरी परवडतं. मधले १० शिलिंग पाहून विणकर माग वाढवतात. ठाणं ९०० झाली की गिऱ्हाईक ३५ला येतं, विणकराचा खर्च ३५वर चढतो, वाढ थांबते. इथे हलतात ते नग. किंमत त्यांच्यामागून ठरते. म्हणून नग आडवे, किंमत उभी. मार्शलचा अक्ष त्याच्या तर्काला धरूनच आहे.

स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या लेऑन वालरास या अर्थतज्ज्ञाने १८७४मध्ये उलटी वाट धरली: आधी भाव पुकारायचा, मग कोण किती घेतो, किती विकतो ते पाहायचं, मागणी जास्त निघाली तर भाव चढवायचा. आजची पाठ्यपुस्तकं वाक्य वालरासच्या वळणाचं लिहितात आणि आकृती मार्शलची छापतात. भाचीला खटकलं ते हेच.

एक सांगायलाच हवं. आलेखाच्या रेषा दाखवून उद्याचा भाव छातीठोकपणे सांगणारे व्हिडिओ आणि पंचांगातलं भविष्य यांत मला फरक दिसत नाही. बाजारात एका वेळी दिसतो तो फक्त या दोन रेषांचा, मागणीच्या आणि पुरवठ्याच्या, छेदनबिंदू. उद्या भाव बदलला तर मागणीची रेषा सरकली, पुरवठ्याची, की दोन्ही, हे त्या बिंदूवरून कळत नाही. एल्मर वर्किंग या अर्थतज्ज्ञाने हे १९२७मध्येच दाखवून दिलं होतं.