उत्पादन आणि उत्पन्न: शेतीची योजना कशावर तोलायची?

बांधावर कुणी विचारलं, "यंदा एकरी किती उत्पन्न निघालं?" तर उत्तर क्विंटलमध्ये येतं. विचारणाऱ्याला आणि सांगणाऱ्याला अर्थ ठाऊक असतो, त्यामुळे तिथे काही बिघडत नाही. बिघडतं ते योजनेच्या अहवालात. क्विंटल म्हणजे उत्पादन. उत्पन्न म्हणजे खर्च, उसनवारी, हमाली, तोलाई सगळं वजा जाऊन घरात राहिलेले पैसे. पहिलं वाढलं की दुसरं आपोआप वाढतं, असं गृहीत धरून कितीतरी योजना यशस्वी ठरवल्या जातात.

या गृहीतकाची सरळ परीक्षा आफ्रिकेतल्या माली देशात झाली. दक्षिण मालीत भाताची शेती करणाऱ्या बायकांना संशोधकांनी चिठ्ठ्या टाकावं तसं गटांत विभागलं. काहींना शिफारशीइतकं खत फुकट दिलं, काहींना त्याच्या निम्मं, काहींना काहीच नाही. पूर्ण खत मिळालेल्यांचं भाताचं उत्पादन ३१ टक्क्यांनी वाढलं. एखाद्या खात्याने एवढ्यावर पुस्तिका छापली असती. पण संशोधकांनी खर्चाची वहीही मांडली, तेव्हा नफा वाढल्याचा पुरावा सापडला नाही. कारण शेती करणाऱ्या कुणालाही पटेल असं आहे. हाती खत आल्यावर त्या बायकांनी तणनाशकावर आणि मजुरांवरही जास्त खर्च केला. एक निविष्ठा, म्हणजे खत-औषध-मजुरीसारखी शेतीत घालायची गोष्ट, वाढली की बाकीच्याही हलतात. भात जास्त आला, पण तो काढायला पैसाही जास्त लागला.

पश्चिम केनियातल्या बुसिया भागात मक्यावर झालेला प्रयोग मला याहून मोलाचा वाटतो. तिथे सरकारी शिफारस होती संकरित बियाणं, पेरणीचं खत आणि नंतर वरखत, असा पूर्ण संच. शेतकऱ्यांच्याच रानात वाफे करून तपासलं, तर या संचाने उत्पादन भरपूर वाढवलं, पण सरासरी शेतकऱ्याला तो परवडणारा नव्हता. याउलट, मका उगवून आल्यावर ताटाला फक्त अर्धा चमचा वरखत दिलं, तर गुंतवलेल्या पैशावर वर्षाला ६९.५ टक्के परतावा येत होता. पीकस्पर्धा पूर्ण संचाने जिंकली असती, संसार मात्र अर्ध्या चमच्याने चालला असता. आपल्याकडच्या पीकस्पर्धाही हेक्टरी उत्पादनावरच ठरतात. जिंकणाऱ्याने एकरी किती ओतलं, हे कुठल्याच प्रमाणपत्रावर लिहिलेलं नसतं.

हिशेब उलट्या बाजूनेही जुळतो. उत्पादन एका दाण्यानेही न वाढता उत्पन्न वाढू शकतं. केनियातच मक्याचा भाव काढणीला पडतो आणि पुढच्या टंचाईच्या महिन्यांत २५ ते ४० टक्क्यांनी चढतो. तरीही शाळेच्या फीसाठी किंवा देण्यापायी लोक काढणीलाच मका विकतात आणि पुढे तोच महाग भावाने विकत घेतात. 'वन एकर फंड' या संस्थेबरोबर झालेल्या प्रयोगात शेतकऱ्यांना नेमकं काढणीच्या वेळी छोटं कर्ज दिलं. त्यांनी मका घरात ठेवला, भाव चढल्यावर विकला, आणि त्या कर्जावर २९ टक्के परतावा मिळाला. रानात काहीही बदललं नव्हतं. एक बारकावा मात्र सांगायलाच हवा: जिथे पुष्कळ जणांना कर्ज मिळालं, तिथे गावच्या बाजारातली भावाची चढउतारच कमी झाली. कर्जदारांचा फायदा घटला आणि थोडा लाभ कर्ज न घेतलेल्या शेजाऱ्यांकडे गेला. आपल्या बाजार समित्यांची शेतमाल तारण योजना याच तत्त्वावर चालते. गोदामात तारण ठेवलेल्या मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, ६ टक्के व्याज, १८० दिवस. 'उत्पादनवाढ' या रकान्यात ती शून्य दिसेल, म्हणून तिला कमी लेखणं मोठी चूक ठरेल.

उत्पादन आणि उत्पन्न यांच्या मध्ये भाव उभा असतो, आणि सगळ्यांनी एकदम पिकवलं की तोच आधी कोसळतो. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला दोनशे रुपयांपर्यंत गेली. शेतकऱ्यांनी तूर वाढवली, पाऊसही बरा झाला. देशातलं उत्पादन २५.६ लाख टनांवरून २०१६-१७ मध्ये ४८.७ लाख टनांवर गेलं. हमीभाव बोनससह क्विंटलला ५,०५० रुपये होता, बाजारातला दर त्याच्या खाली आला, आणि मराठवाडा-विदर्भात खरेदी केंद्रांपुढे रांगा लागल्या. बारदानाही पुरेना. कडधान्याच्या उत्पादनासाठी ते विक्रमी वर्ष होतं. ज्यांच्या घरी ती तूर पडून राहिली, त्यांना विचारा ते वर्ष कसं गेलं. कांद्यात तर 'उलटी पट्टी' हा शब्दच रूढ आहे: माल विकून भाडं-हमाली वजा केल्यावर शेतकऱ्यानेच पैसे देणं लागतं. अशा दिवशी जास्त पोती म्हणजे जास्त तोटा.

उत्पन्न वाढलं तरी पुढचा प्रश्न उरतो: किती दिवस? केनियात 'ड्रमनेट' नावाच्या प्रकल्पाने छोट्या शेतकऱ्यांना निर्यातीसाठी फरसबी आणि बेबी कॉर्न लावायला मदत केली. पहिल्यांदाच ही पिकं घेणाऱ्यांचं उत्पन्न खरोखर वाढलं. पण अभ्यास संपल्यावर वर्षभरात निर्यातदाराने खरेदी थांबवली, कारण युरोपच्या निकषांत ती शेतं बसत नव्हती. माल दलालांना पडेल भावाने गेला, कर्जं थकली, प्रकल्प त्या भागात मोडला. अहवाल वर्षभर आधी संपला असता, तर तो आदर्श नमुना म्हणून फिरला असता.

आणि उत्पन्न मोजायचं ते पिकाचं की घराचं? राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणानुसार २०१८-१९ मध्ये भारतातल्या शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये होतं. त्यात पिकातून ३,७९८ आणि मजुरीतून ४,०६३. शेतकरी म्हणवणाऱ्या घरात मजुरीचा वाटा पिकाहून मोठा! म्हणून एखाद्या योजनेने घरातल्या बाईचे चाळीस दिवस नव्या पिकाच्या खुरपणीत घातले आणि तिची बाहेरची मजुरी बुडाली, तर ती मजुरीही खर्चात धरली पाहिजे. कृषिमूल्य आयोग घरच्या मजुरीसह खर्च स्वतंत्रपणे काढतो, मोजण्याची पद्धत तयार आहे. योजनांच्या अहवालात मात्र घरची मजुरी बहुधा फुकटच धरलेली दिसते.

याचा अर्थ उत्पादन निरर्थक असा काढू नये. मलावीत २००५-०६ पासून सरकारने खत-बियाण्यांवर मोठं अनुदान दिलं. तिथली बहुतेक कुटुंबं पिकवलेला मका स्वतःच खातात, आणि पुढच्या हंगामाआधीचे उपासाचे महिने त्यांना चांगले माहीत असतात. अशा घरासाठी कणगीतलं जास्तीचं एक पोतं हीच कमाई. आपल्याकडे घरच्या ज्वारीचं तसंच आहे. विकण्यासाठी लावलेल्या पिकाला हे माप लावता येत नाही.

कुठल्याही योजनेची पुस्तिका हाती आली की मी आधी एकक पाहतो, क्विंटल की रुपये. रुपये असतील तर खर्च वजा केला आहे का आणि घरची मजुरी धरली आहे का, ते. मग तुलना कशाशी केली ते: आधीच्या दुष्काळी वर्षाशी, की त्याच पावसात त्याच हंगामात योजना न मिळालेल्या शेजारच्या गावांशी. बहुतेक पुस्तिका पहिल्याच प्रश्नाला थांबतात.