गिटार ॲम्पचा क्लीन टोन : स्पीकर आणि कॅबिनेटची निवड

इलेक्ट्रिक गिटारच्या ॲम्पमधून न फाटता, तारेचा झणकार शाबूत ठेवून येणाऱ्या आवाजाला क्लीन टोन म्हणतात. ॲम्पच्या सर्किटला हात न लावता फक्त स्पीकर बदलून किंवा ॲम्प वेगळ्या कॅबिनेटला, म्हणजे स्पीकरच्या पेटीला, जोडून हा टोन सुधारणे, हा गिटारवादकांचा जुना आणि खात्रीचा उपाय आहे. नाशिकमध्ये त्याला विशेष महत्त्व येते, कारण इथे गिटार वाजते ती बहुतांशी मध्यम आकाराच्या जागांत. शरणपूर आणि देवळालीच्या चर्चमधली उपासना, गणेशोत्सव-नवरात्रातले ऑर्केस्ट्रा, कॉलेजांची गॅदरिंग, गंगापूर रोडवरची रेस्तराँ अशा ठिकाणी ॲम्पसमोर माइक असेलच असे नाही. श्रोत्यांच्या कानावर पडतो तो थेट स्पीकरच्या कागदी शंकूतून, म्हणजे कोनातून, निघालेला आवाज. २००८ साली सुरू झालेल्या सुलाफेस्टसारख्या मोठ्या मैफलीत पीए म्हणजे श्रोत्यांसाठीची ध्वनिवर्धक यंत्रणा सगळे उचलून धरते, तरी तिथेही माइक ठेवलेला असतो तो स्पीकरच्याच तोंडाशी.

क्लीन टोन बिघडला की बोट बहुतेक वेळा ॲम्पच्या वॉटकडे दाखवले जाते आणि मोठा ॲम्प घेण्याची भाषा सुरू होते. तो खर्च करण्याआधी स्पीकरची सेन्सिटिव्हिटी पाहावी. स्पीकरला १ वॉट दिल्यावर १ मीटरवर जितके डेसिबल मिळतात, तो हा आकडा. गिटारच्या १२ इंची स्पीकरांत तो साधारण ९५ ते १०२ च्या दरम्यान असतो. ३ डेसिबलचा फरक म्हणजे ॲम्पची शक्ती दुप्पट करण्याइतका फरक. फेंडर डिलक्स रिव्हर्ब हा २२ वॉटचा ॲम्प ९७ डेसिबलच्या स्पीकरवरून १०० डेसिबलच्या स्पीकरवर नेला, तर आधी ४४ वॉट लागले असते तेवढा आवाज तो २२ वॉटमध्ये देतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात, त्यामुळे ३ डेसिबलने भिंती हादरत नाहीत. पण ड्रमरच्या बरोबरीने ऐकू येण्यासाठी व्हॉल्यूमचा नॉब तितका वर न्यावा लागत नाही. पॉवर ट्यूब, म्हणजे ॲम्पमधल्या आवाज वाढवणाऱ्या काचेच्या नळ्या, आपल्या मर्यादेत राहतात, आणि आधी चुरचुरणारी कॉर्ड (एकत्र छेडलेले स्वर) मोकळी वाजते. क्लीन टोनसाठी स्पीकर बदलण्यात खरा फायदा होतो तो इथे.

दुसरा आकडा स्पीकर किती वॉट सोसतो याचा. ओव्हरड्राइव्ह म्हणजे मुद्दाम फाटवलेला आवाज आवडणारे वादक मुद्दाम कमी वॉटचा स्पीकर घेतात, कारण ताण पडला की त्याचा कोन वेगवेगळ्या भागांत वेगवेगळा थरथरतो आणि आवाजाला खरखरीत गोडवा येतो. सेलेस्टियनचा २५ वॉटचा ग्रीनबॅक याच गुणासाठी प्रसिद्ध आहे. क्लीन टोनला हे नको असते. ट्यूब ॲम्पवर लिहिलेले वॉट आवाज फाटण्याआधीचे असतात, आणि नॉब पूर्ण फिरवला तर तो त्याहून बराच जास्त देतो. म्हणून क्लीन वाजवणाऱ्याने ॲम्पच्या किमान दुप्पट वॉटचा स्पीकर घेणे योग्य.

या दोन्ही कसोट्यांवर उतरणाऱ्या स्पीकरांची एक परंपराच आहे. १९६० च्या दशकात फेंडरच्या ट्विन रिव्हर्बला जेबीएलचे डी१२०एफ बसवून मिळत. त्यांची व्हॉइस कॉइल, म्हणजे कोनाला हलवणारी तारेची गुंडाळी, ४ इंचांची होती, तर गिटारच्या बहुतेक स्पीकरांत ती दीड ते दोन इंचांची असते. मोठी कॉइल उष्णता लवकर बाहेर टाकते आणि कोनाला घट्ट धरून हलवते, म्हणून आवाज काचेसारखा स्वच्छ राहतो. इलेक्ट्रो-व्हॉइसचा ईव्हीएम१२एल त्याच वाटेवरचा. २०० वॉट सोसणारा, खर्जात भरदार आणि वजनाला ८ किलोंहून जड. जेन्सनचा सी१२एन फेंडरच्या जुन्या चमकदार आवाजाशी जोडला गेला आहे, आणि त्याच घरचा १०० वॉटचा सी१२के नव्याने काढलेल्या ६५ ट्विन रिव्हर्बमध्ये बसतो. सॉलिड स्टेट, म्हणजे ट्यूबऐवजी ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या, ॲम्पमध्ये क्लीन टोनचा मापदंड मानला जातो तो १९७५ साली आलेला रोलँडचा जेसी-१२० जॅझ कोरस. त्यात ६० वॉटचे दोन ॲम्प्लिफायर आपापला १२ इंची स्पीकर चालवतात.

चुंबकाविषयी वादकांत जितकी चर्चा होते तितका फरक त्याने पडत नाही, असे या नोंदीचे मत आहे. अल्निको म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्टचा मिश्रधातू. त्याचा स्पीकर महाग असतो आणि जोरात वाजवताना किंचित दबून गोल होतो. व्हॉक्स एसी३० मधला सेलेस्टियन ब्लू या जातीचा. सोसतो फक्त १५ वॉट, पण सेन्सिटिव्हिटी १०० डेसिबल, आणि घंटेसारखा किणकिणता. सिरॅमिक चुंबक स्वस्त आणि कणखर. निओडिमियमचा स्पीकर जेमतेम दोन किलोंचा असतो. ॲम्प खांद्याला लावून सिडकोहून नाशिकरोडला सरावाला जाणाऱ्याला हे वजन चुंबकाच्या जातीपेक्षा महत्त्वाचे वाटले तर त्यात गैर काही नाही. टोन ठरवण्यात चुंबकापेक्षा कोनाचा कागद, त्याची जाडी, त्यावरच्या वळ्या आणि मधली टोपी यांचा हात मोठा असतो. एमिनन्सच्या कॅनॅबिस रेक्सचा कोन हेंपच्या (भांगेच्या जातीच्या झाडाच्या) धाग्यांचा असतो, त्यामुळे वरचे स्वर टोचत नाहीत. उलट सेलेस्टियनचा व्हिंटेज ३० उत्तम स्पीकर असूनही २,००० हर्ट्झच्या आसपास पुढे येतो. फाटलेल्या आवाजात तो उठून दिसतो, क्लीनमध्ये अनेकदा कर्कश वाटतो.

इथे एक नेहमीचा गैरसमज दूर करायला हवा. स्वच्छ आवाज हवा म्हणून पीएचा किंवा गाडीचा सपाट प्रतिसादाचा, म्हणजे सगळे स्वर सारख्याच जोराने वाजवणारा, स्पीकर गिटारला जोडू नये. गिटारची जाड ई तार ८२ हर्ट्झला वाजते, आणि गिटारचे स्पीकर मुद्दामच ५,००० हर्ट्झच्या वर झपाट्याने उतरणारे बनवलेले असतात. गिटार ॲम्पचे सर्किट हा उतार गृहीत धरून वरचे स्वर वाढवते. त्यापुढे ट्वीटरसकटचा (वरच्या स्वरांच्या छोट्या स्पीकरसकटचा) बॉक्स लावला की नखाचा आणि प्लेक्ट्रमचा आवाज तारेच्या आवाजावर चढून बसतो.

कॅबिनेटमध्ये पहिला प्रश्न पाठ उघडी की बंद. स्पीकरचा कोन पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे ओढतो, म्हणजे मागची लहर पुढच्या लहरीच्या नेमकी उलट असते. ८२ हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी चार मीटरहून जास्त, आणि पेटी जेमतेम अर्धा-पाऊण मीटरची. त्यामुळे उघड्या पाठीतून आलेली खर्जाची लहर पेटीला वळसा घालून पुढच्या लहरीला खोडते. खर्ज सैल पडतो, पण मधले आणि वरचे स्वर मागच्या भिंतीवरून परतून खोलीभर पसरतात. फेंडरचा प्रसिद्ध क्लीन टोन अशा उघड्या पेट्यांतूनच येतो. बंद पाठीची पेटी मागची लहर कोंडून ठेवते, खर्ज घट्ट होतो आणि आवाज समोरच्या दिशेने जातो. पेटी फार लहान असेल तर कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागून स्पीकरचा मूळ अनुनाद (ज्या स्वराला तो सर्वांत सहज थरथरतो तो) वर सरकवते, आणि आवाज डब्यातून आल्यासारखा होतो.

या फरकाचा अर्थ जागेप्रमाणे बदलतो. पक्क्या भिंतींच्या चर्चमध्ये उघडी पेटी मागच्या भिंतीपासून हात-दोन हात पुढे ठेवली तर क्लीन कॉर्ड साऱ्या सभागृहात फुलते. गणपतीच्या मांडवात मागे नुसता पडदा असतो. मागची लहर कापडातून निघून जाते, परत येत नाही, आणि तोच ॲम्प तिथे हडकुळा वाटतो. मांडवात किंवा लॉन्सवर नेहमी वाजवणाऱ्याने बंद, किंवा पाठ फळीने दोन-तृतीयांश झाकलेली पेटी घ्यावी. ही फळी स्क्रूवर काढता-घालता येईल अशी केली, की एकाच पेटीत दोन्ही सोयी होतात.

पेटीचा कल हा दुर्लक्षित विषय. १२ इंची स्पीकर साधारण दीड-दोन हजार हर्ट्झच्या वरचे स्वर सरळ रेषेत, झोतासारखे फेकतो. ॲम्प जमिनीवर ठेवून वादक त्याच्यासमोर दीड मीटरवर उभा राहिला, तर झोत त्याच्या पोटरीवर आदळतो आणि कानाला आवाज मंद वाटतो. मग तो ट्रेबल वाढवतो, आणि पहिल्या रांगेतल्या लोकांच्या कानात सुया टोचतात. फेंडरच्या ट्विन रिव्हर्बला बाजूने मागे कलवायचे पाय असतात ते यासाठीच. ते नसतील तर पुढच्या कडेखाली लाकडाचा ठोकळा किंवा खाली खुर्ची पुरते. स्पीकर बदलायचा की नाही हे ठरवण्याआधी ॲम्प कानाच्या उंचीवर ठेवून ऐकलाच पाहिजे. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

एकाऐवजी दोन स्पीकर लावले तर हवा हलवणारे क्षेत्रफळ दुप्पट होते, प्रत्येकावरचा ताण निम्मा होतो आणि खर्जाला बळ येते. इथे ओहमचे, म्हणजे स्पीकर विजेला करतो त्या अडथळ्याचे, गणित चुकता कामा नये. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले तर ४ ओहम, एकसरीत १६. ८ ओहमचे चार दोन-दोनच्या जोड्यांनी जोडले तर पुन्हा ८. ट्यूब ॲम्पच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेला ओहमचा आकडा पाळावा, आणि असा ॲम्प स्पीकरविना कधीही चालू करू नये, कारण ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. सॉलिड स्टेट ॲम्पला लिहिल्यापेक्षा जास्त ओहम चालतात, फक्त शक्ती घटते. कमी ओहम चालत नाहीत. दोन वेगळ्या जातीचे स्पीकर एकत्र लावायचे तर त्यांची सेन्सिटिव्हिटी जवळपास सारखी असावी, नाहीतर एकच ऐकू येतो.

सर्वांत मोठा फरक पडतो तो स्वस्त सराव ॲम्पमध्ये. १० ते २० वॉटच्या, ६ किंवा ८ इंची स्पीकरच्या या ॲम्पवर नाशिकची बहुतेक मुले शिकतात. त्यांचा स्पीकर छोट्या खोक्यात गुदमरलेला असतो आणि सेन्सिटिव्हिटी कमी. आतल्या तारा काढून त्या १२ इंची पेटीला जोडल्या, तर ४ ओहमच्या जागी ८ ओहम येऊन शक्ती जवळपास निम्मी होते, तरीही मोठा स्पीकर ते नुकसान भरून काढतो आणि आवाजाला अंग येते. नवशिक्याने नवा ॲम्प घेण्याआधी हे नक्की करून पाहावे.

गिटारचे आयातीत स्पीकर बहुधा ऑनलाइन मागवले जातात, किंवा पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी मुंबईला जाऊन लॅमिंग्टन रोड पालथा घालून संध्याकाळी परत आणले जातात. पेटी मात्र स्थानिक सुताराकडून उत्तम होते. एका १२ इंची स्पीकरच्या उघड्या पेटीला सुमारे ६० सेंमी रुंदी, ४५ सेंमी उंची आणि २५ सेंमी खोली पुरते. स्पीकरसाठी भोक २८ सेंमीच्या थोडे वर. प्लाय १८ मिमीचा, आणि घेताना शीटच्या कडा पाहून घ्याव्यात, कारण हलक्या कमर्शियल प्लायच्या थरांत पोकळ्या असतात आणि ठरावीक स्वराला त्या खरखरतात. आयएस ३०३ या भारतीय मानकाखालचा बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारा) किंवा आयएस ७१० चा मरीन प्लाय घेतला तर श्रावणातली ओल लागत नाही. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ ओल पिऊन फुगतात, स्क्रूची पकड सुटते. फेंडरच्या जुन्या पेट्या पाइनच्या होत्या. हलक्या आणि स्वतः थोड्या गुणगुणणाऱ्या. सातपूर-अंबडसारख्या औद्योगिक वसाहतींत यंत्रे येतात त्या खोक्यांचे पाइन मिळाले तर फळीवरचा शिक्का पाहावा. ‘एचटी’ असेल तर लाकूड उष्णतेने प्रक्रिया केलेले असते, ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेले. पहिलेच घ्यावे, आणि रंधा मारण्यापूर्वी सावलीत पूर्ण सुकू द्यावे.

बसवताना ॲम्पचा प्लग काढून ट्यूब थंड होऊ द्याव्यात. स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत, एकदम एक बाजू कसली तर स्पीकरची चौकट मुरडते आणि कॉइल घासू लागते. ॲम्प आणि पेटी यांच्यामध्ये दोन जाड तारांची स्पीकर केबलच हवी, गिटारची शील्डेड केबल चालत नाही. दोन स्पीकर असतील तर दीड व्होल्टच्या सेलने ध्रुव तपासावेत. सेलचे अधिक टोक स्पीकरच्या अधिक टर्मिनलला क्षणभर टेकवले की कोन बाहेर यायला हवा. जुने जेबीएल याला अपवाद, त्यांचा कोन आत जातो. एक बाहेर आणि एक आत जात असेल तर दोघे मिळून खर्ज खाऊन टाकतात, आणि नवा महागडा स्पीकर पातळ वाजल्याची तक्रार येते. अशा वेळी एकाच स्पीकरच्या तारांची अदलाबदल करावी. नव्या स्पीकरचा कडकपणा काही तास वाजवल्यावर थोडा ओसरतो, म्हणून पहिल्या दिवशी ऐकून तो परत पाठवण्याची घाई करू नये.