फोड एकही नाही, मग हर्पिस आला कुठनं?

आमचं मेडिकल साताऱ्यात, पोवई नाक्यापासनं जवळच. रात्री शटर ओढायच्या टायमाला एकजण आला, बाकीची गिऱ्हाईकं जाईस्तोवर टूथपेस्ट बघत उभा राहिला आणि मग घडी घातलेली चिठ्ठी काउंटरवर सरकवली. बायकोसाठी गोळ्या, जननेंद्रियाचा हर्पिस. हळूच म्हणाला, "दादा, मला तर आजपर्यंत एक फोड आला नाही, मग हिला आलं कुठनं?"

त्या 'कुठनं' मध्ये काय होतं ते मला कळलं, म्हणून हे लिहितोय.

आधी एक, ही नागीण नव्हे. नागीण कांजिण्यांच्या विषाणूमुळं उठते, हा हर्पिसचा विषाणू वेगळा. हा एकदा कातडीतनं आत शिरला की मज्जातंतूच्या वाटेनं वर चढतो आणि पाठीच्या कण्याच्या खालच्या टोकाला मज्जापेशींच्या गाठीत जाऊन गप्प बसतो, वर्षानुवर्षं. अधूनमधून जागा होतो, त्याच वाटेनं खाली कातडीवर येतो, पण दरवेळी फोड येतोच असं नाही, कधी बारीकशी चीर पडते आणि माणसाला वाटतं कपडा घासला असंल, कधी तर काहीच नाही, शरीर त्याला काही तासात आवरतं पण तेवढ्यात तो कातडीवर असतोच की.

2011 साली अमेरिकेत टाइप 2 च्या, म्हणजे हर्पिसच्या दोन विषाणूंपैकी जो जास्त करून जननेंद्रियाला होतो त्याची लागण असलेल्या 498 जणांचे रोज स्वॅब (कापसाच्या बोळ्यानं कातडीवरचा नमुना) घेतले होते. ज्यांना त्रास व्हायचा त्यांच्यात 20 टक्के दिवशी विषाणू सापडला, आणि ज्यांना कधीच काही झालं नव्हतं त्यांच्यातही 10 टक्के दिवशी! म्हणजे शंभरातले दहा दिवस, आणि त्या दिवशी माणूस एकदम ठणठणीत.

आता हिशोब लावा. त्याला लग्नाआधीच लागण झालेली असू शकते, किंवा तिलाच जुनी असंल आणि पहिला फोड आत्ता आला असंल, तेही होतं. फोडाच्या तारखेवरनं कुणी कुणाला दिलं ते सांगता येत नाही, कुणालाच नाही. रक्ताची आयजीजी टेस्ट (विषाणूविरुद्ध शरीरानं बनवलेल्या अँटिबॉडीची) लागण आहे का एवढंच सांगते, कधीपासनं ते नाही, आणि नवीन लागण असंल तर तीन महिने तरी थांबावं लागतं, नाहीतर उगाच निगेटिव्ह येते.

फोड असताना संबंध नकोच. एरवी कंडोमनं धोका कमी होतो, पूर्ण जात नाही कारण झाकलेल्या जागेबाहेरच्या कातडीवरही विषाणू असतो. डॉक्टरांना विचारून रोज व्हॅलासायक्लोव्हिर 500 मिलिग्रॅम घेतली तर जोडीदाराला लागण व्हायचं प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं, 2004 च्या 1484 जोडप्यांच्या अभ्यासात तसंच दिसलं. आणि दिवस गेले असतील तर डॉक्टरांपासनं लपवू नका, शेवटच्या तीन महिन्यात पहिल्यांदा लागण झाली तर बाळाच्या जिवावर बेतू शकतं.

जाताना तो म्हणाला, घरच्यांनी हिचा टॉवेल आणि ताट वेगळं काढलंय. मी त्याला सांगितलं, टॉवेलनं, ताटानं, संडासच्या सीटनं हे लागत नाही, आज घरी गेल्या गेल्या तो टॉवेल सगळ्यांच्या टॉवेलशेजारी परत टांग.